तांदळातलं नाव

वहिनी, तू गेल्याची बातमी इथल्या पेपरात द्यायची म्हणून कागद पुढ्यात ओढला आणि पहिल्याच शब्दाला घोडं अडलं. नाव काय लिहू? दोन नावांची बाई तू. एक तुझ्या आईवडिलांनी ठेवलेलं, एक मी ठेवलेलं. यातलं तुझं कुठलं, यावरून आपण जन्मभर भांडलो. म्हणजे मी भांडले आणि तू हसलीस. हसणं हाच तुझा वाद घालायचा प्रकार होता. मला त्याचा फार राग यायचा, अजून येतो.

शेवटी 'जाधवांच्या थोरल्या सूनबाई' एवढंच लिहून पाठवलं. पेपरवाले म्हणाले, बाई, नावाशिवाय बातमी छापत नाहीत. म्हटलं, मग राहू द्या. तू काही आमदार नव्हतीस. त्यापेक्षा तुझ्याशीच बोलते, कुणाला विचारायला नको.

तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नववीत होते. सांगलीला, हळदीच्या पेठेमागं तुमचं घर. तुझे वडील एका अडत्याकडं दिवाणजी, त्यामुळं तुमच्याकडच्या उशांनासुद्धा हळदीचा वास. आम्ही तुला बघायला आलो होतो, पण खरं बघणं तूच केलंस. पोह्यांची बशी दादाच्या हातात दिलीस आणि सरळ विचारलंस, कारखान्यात काय काम करता? दादा तेव्हा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत ड्राफ्ट्समन होता. बावरून म्हणाला, यंत्रांच्या सुट्या भागांची चित्रं काढतो. तू म्हणालीस, म्हणजे हात स्थिर असेल. मिरजेला डॉक्टर झालेली, वर भूल देण्याचं वेगळं शिक्षण घेतलेली मुलगी, आणि नवऱ्यात काय पाहिलंस तर हात स्थिर आहे की नाही! परतीच्या एसटीत आई म्हणाली, "पोरगी लय सरळ हाय. झेपंल न्हवं आपल्याला?" आमचे वडील सुभेदार होऊन फौजेतून आले आणि पुढं लवकरच वारले, तेव्हा झेपवायचं ते तिचं तिलाच होतं.

तुझं नाव ठेवायचं काम माझ्याकडं आलं. आमच्यात सून घरात आली की माहेरचं नाव उंबऱ्याबाहेर राहायचं. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, साखर वाटायची, झालं. तिथून पुढं ती बाई वेगळी. आता मला माझं शेवंता हे नाव कधीच आवडलं नाही. वर्गात सगळ्या सुनंदा, नलिनी, शैलजा, आणि मध्येच मी शेवंता. तेव्हा जे मला मिळालं नाही ते तुला द्यायचं असं मी ठरवलं आणि दादाच्या कानात सांगितलं, शैलजा लिही. दादानं नकाशावर लिहावं तसं रेखीव लिहिलं. तू ताटावर वाकून वाचलंस, मग सगळ्यांतून बरोब्बर माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, छान आहे. लग्नाच्या धांदलीत माझी कुणी दखल घेतली असेल तर तेवढी तू. मी त्या दिवशी तुझी झाले.

वहिनीला तुम्ही म्हणायची आमच्याकडं रीत. तू पहिल्याच आठवड्यात सांगितलंस, आईंच्या समोर मी तुला वन्सं म्हणेन, एरवी शेवंते म्हणणार, आणि तू मला तू म्हण. आईनं एकदा ऐकलं आणि कानाआड केलं. तिलाही तू हवी होतीस, फक्त तसं बोलून दाखवायची पद्धत नव्हती.

सरकारी दवाखान्यात तू रुजू झालीस आणि साताऱ्यात 'झोपवणारी डॉक्टरीण' म्हणून तुझं नाव झालं. मी शाळेतून येताना डबा द्यायला यायचे, तेव्हा तुझं काम दाराशी उभी राहून बघितलंय. नाकावर मास्क ठेवायच्या आधी तू माणसाला विचारायचीस, नाव काय? गाव कुठलं? ऑपरेशन झाल्यावर तो हलायला लागला की पुन्हा तेच, त्याच आवाजात. नाव आणि गाव नीट सांगितलं की म्हणायचीस, आला परत. आपल्याकडं फौजी माणसं उदंड. ती शुद्धीवर येताना आधी नंबर सांगायची, मग हुद्दा, मग नाव. एकानं तर गावाऐवजी पलटणीचं नाव सांगितलं. तू म्हणालीस, बरोबर आहे, याचं गाव तेच. तू कुणाच्या उत्तराला कधी हसली नाहीस. घरी येऊन मात्र नक्कल अशी करायचीस की दादाला ठसका लागायचा.

आणि मग आईचं ऑपरेशन झालं. गर्भपिशवीचं. भूल तूच दिलीस, दुसरं होतंच कोण? ती हलायला लागल्यावर तू वाकून विचारलंस, "बाई, नाव सांगा."

आई म्हणाली, "हौसा."

सिस्टर हसली. म्हणाली, पार्वतीबाई अजून गुंगीत आहेत. तू गाव विचारलंस. आई म्हणाली, "पलूस. मळ्यात ऱ्हातो आमी." पलूस म्हणजे आईचं माहेर. सिस्टरनं कागदावर काही लिहायला घेतलं तर तू तिचा हात धरलास.

"बाई शुद्धीवर आहेत," तू म्हणालीस. "नाव बरोबर सांगतायत. आपल्याला माहीत नव्हतं, एवढंच."

वहिनी, मी तिच्या पोटची मुलगी. माझ्या आईचं नाव हौसा होतं हे मला त्या दिवशी, त्या दारात कळलं. आई बरी झाल्यावर त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. तूही नाही.

त्याच वर्षी जावळीकडचं एक तान्हं मूल आलं. पोटात आतडं अडकलेलं. इतक्या लहान जिवाला भूल द्यायचं सामान इथं नव्हतं आणि तसं शिक्षणही तुला मिळालं नव्हतं. मिरजेला पाठवलं, ते कराडच्या पुढं जगलं नाही. तू त्या दिवशी जेवली नाहीस. नंतर दादाला म्हणालीस, मला हे शिकायचं आहे, आणि इथं शिकवणारं कुणी नाही. मिरजेच्या तुझ्या सरांनी वाट दाखवली. कॅनडात बर्फाच्या मुलखातलं एक इस्पितळ भूल देणारे डॉक्टर शोधत होतं. तिथलं सरकार तेव्हा कसबी, शिकलेल्या माणसांना कायमचं राहायची परवानगी द्यायचं, आणि नवराबायकोपैकी ज्याचं कसब मोठं त्याच्या नावावर दुसऱ्याला नेता यायचं. तुमच्यात ते कुणाचं मोठं, हे दादाला विचारायची गरजच नव्हती. त्यानं हौसेनं पुढं होऊन पासपोर्ट काढले. तुझ्या पासपोर्टवर रेशनकार्डावर होतं तेच नाव घातलं, सौ. शैलजा जयवंत जाधव. घरात कुणाच्याही मनात आलं नाही की तुझी मॅट्रिकपासूनची सगळी सर्टिफिकेटं इंदुमती शिवराम माने हिची आहेत. आपल्याला त्यात विचित्र वाटण्यासारखं काही नव्हतंच. गावात कुठल्या बाईची दोन नावं नव्हती?

दिल्लीला कॅनडाच्या वकिलातीतल्या मुलाखतीत ते साहेबानं पहिल्या मिनिटाला धरलं. दादानं परत आल्यावर सगळं सांगितलं. साहेब भला होता. कागद समोर मांडून त्यानं विचारलं, पासपोर्टातल्या बाई तुम्ही, मग या डॉक्टर इंदुमती कुठं आहेत? तू त्याला ताट, तांदूळ, अंगठी, सगळं समजावून सांगितलंस. त्यानं मन लावून ऐकलं. म्हणाला, माझा विश्वास बसला, पण माझा विश्वास मला फाइलला लावता येत नाही. एक नाव करून आणा. इस्पितळ उन्हाळा संपेतो जागा राखून ठेवेल.

साताऱ्याच्या वकिलांनी दोन वाटा सांगितल्या. मॅट्रिकपासून वैद्यकीच्या नोंदणीपर्यंत सगळीकडं शैलजा करायचं, त्याला वर्षं लागतील आणि जागा जाईल. नाहीतर एकटा पासपोर्ट बदलून इंदुमती माने करायचा. पण त्यासाठी नवऱ्यानं आणि सासरच्या एका वडीलधाऱ्यानं मॅजिस्ट्रेटपुढं शपथेवर सांगायचं की शैलजा हे नुसतं रीतीचं नाव, ही बाई इंदुमती माने होती आणि आहे.

मग उंब्रजहून आमचे चुलते, आबा आले. घरात तेच मोठे. बर्मातल्या लढाईत होते, त्यामुळं बोलणं सगळं हुकुमाचं. म्हणाले, नाव मोडलं म्हंजे लगीन मोडलं, मी असल्या कागदाला हात लावायचा न्हाई. मग दादाकडं वळले. "बायकूच्या मागनं इलायतेला निघालास, वर ती मानेच ऱ्हाणार. मग तू घरजावई झालास की रं!"

दादा आयुष्यात आबांना कधी उलटून बोलला नव्हता. त्या दिवशी शांतपणे म्हणाला, "आबा, तुमी तुमच्या साहेबामागनं बर्मात गेलासा. मी माझ्या साहेबामागनं जातो. माझा साहेब बरा हाय."

आबा चहा न घेता गेले. राहिली आई.

आणि मी कुठं होते म्हणशील तर मी आबांच्या बाजूची. त्याची मला आजही लाज वाटत नाही. माझं नाव होतं ते! घरात माझ्या शब्दाला किंमत मिळालेली ती एकच गोष्ट, आणि ती तुम्ही 'नुसतं रीतीचं' म्हणून शपथेवर पुसायला निघालेला. मी आईला स्पष्ट सांगितलं, सही करू नकोस. आईनं माझ्याकडं बघितलं आणि भाकरी थापत राहिली.

तू काय केलंस? दुसरी कुणी असती तर रडली असती, माहेरच्यांना बोलावून घेतलं असतं. तू आईपुढं बसलीस आणि म्हणालीस, "आई, तुमच्या मनात नसेल तर राहू द्या. मी इथं आहे तेवढं काम करत राहीन. पण मला जायचं आहे, हे तुम्हाला माहीत असू दे." आणि ड्यूटीवर गेलीस. त्यानंतर घरात त्या विषयाला तू तोंड फोडलं नाहीस. माणसानं इतकं सरळ असावं का गं? मला वाटायचं हिला काही वाटतच नाही. पण त्या दिवसांत तुझ्या हातून दोनदा दूध उतू गेलं, आणि तुझ्या हातून कधी काही सांडायचं नाही.

दिवस जात होते. मग एका रविवारी सकाळी तिनं सोपा झाडून घेतला, पाट मांडला आणि पितळेच्या ताटात तांदूळ पसरून ठेवले. आम्हा सगळ्यांना हाक मारली. दादाला वाटलं काही पूजा आहे. मग ताट बघून त्यानं अंगठी काढून पुढं केली तर आई म्हणाली, "तू न्हवं. तू एकदा लिवलंस. आता तिचं तिला लिवू दे."

तू अंगठी घेतलीस. तू इंदुमती एवढंच लिहिलंस आणि थांबलीस.

"पुरतं लिव," आई म्हणाली. "बापाचं बी लिव, आडनाव बी."

ताट अपुरं पडलं. आई उठून आत गेली आणि पीठ मळायची परात घेऊन आली. तांदूळ त्यात ओतले, आणखी दोन ओंजळी घातल्या, हातानं सारखे केले. तू पहिल्यापासून लिहिलंस, इंदुमती शिवराम माने. आईला वाचता यायचं नाही, तरी ती प्रत्येक अक्षर बघत बसली. तुझं लिहून झाल्यावर म्हणाली, "माझं कुनी इचारलंच न्हाई, पोरी. चाळीस वर्सांत तू इचारलंस, तवा म्या सांगितलं."

मग तिनं रीतीप्रमाणं साखर वाटली. दादानं घेतली, तू घेतलीस, शेजारच्या काकूंना दिली. मी हात पुढं केला नाही, तोंड फिरवून गच्चीवर गेले. खालून मला तुझं रडणं ऐकू आलं. लग्नात सांगलीहून निघतानासुद्धा तू रडली नव्हतीस.

मॅजिस्ट्रेटच्या कचेरीतली गोष्ट तू नंतर किती वेळा सांगायचीस! कारकुनानं आईला नाव विचारलं. आई म्हणाली, लिवा, पार्वतीबाई जाधव, म्हायेरची हौसा. कारकून म्हणाला, आजी, माहेरचं लागत नाही. आई म्हणाली, "लागत नसंल तरी लिवा." त्यानं लिहिलं. आईनं अंगठा उमटवला आणि पदरानं शाई पुसत बाहेर आली. पासपोर्ट बदलून आला, उन्हाळा सरायच्या आत दिल्लीहून परवानगी आली. आईला थंडी म्हणजे महाबळेश्वर एवढंच ठाऊक. तिनं तिथून कुणाकडून तरी दोन लोकरी स्वेटर आणवले आणि म्हणाली, तितं ह्याच्यापरीस काय जास्त थंडी असणार! त्यातला तुझा स्वेटर तू तिकडं स्वयंपाकघरात घालायचीस, असं दादा सांगायचा.

पुण्यापर्यंत आम्ही पोचवायला आलो. निघताना तू मला म्हणालीस, शिकून परत येते. मी म्हटलं, कोण येणार आहे परत, इंदुमती का? तू हसलीस.

तू परत आली नाहीस. हा आपला दुसरा वाद, तोही तसाच राहिला. अभय झाला, मग दादाला तिथल्या कारखान्यात चांगलं काम मिळालं, मग इस्पितळानं लहान मुलांचा सगळा विभाग तुझ्यावर सोपवला. दर वेळी कारण खरं होतं आणि दर वेळी मी चिडले. मी म्हणायचे, जावळीच्या बाळासाठी गेलीस आणि बर्फातल्या बाळांना भूल देत बसलीस. तू म्हणायचीस, बाळ ते बाळ. मला हे पटायचं नाही. पण दोन वर्षांआड तू सुट्टीवर यायचीस ती बॅगा घरात टाकून तशीच सरकारी दवाखान्यात जायचीस, आणि येताना लहान मुलांचे मास्क, बोटभर नळ्या घेऊन यायचीस. महिनाभर तिथल्या डॉक्टर मुलींना शिकवायचीस. तू लिंब-खिंड बघितली नाहीस, कास बघितलं नाहीस, पाहुण्यांकडं जेवायला गेली नाहीस. त्या मुलींपैकी एकीनं माझ्या नातवाला भूल दिली. मास्क ठेवायच्या आधी त्याला म्हणाली, नाव काय? गाव कुठलं? मी बाहेर बाकावर बसून रडले. हे मी तुला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

मी शिकले तीही तुझ्यामुळं. तू गेल्यावर आबांनी माझं लग्न ठरवायला घेतलं तेव्हा तू आईला ट्रंक कॉल केलास, शेवंतेला बी.ए. होऊ द्या. मास्तरीण झाले, माझं माझं जगले. लग्नात माझं नाव बदलायची वेळ आली तेव्हा मी नाही म्हटलं. ज्या नावावर जन्मभर खार खाल्ला तेच धरून बसले. तुला कळवलं तर तू तिकडं एवढं मोठ्यानं हसलीस की म्हणे दादाला वाटलं काहीतरी पडलं. आईही तांदळाच्या त्या रविवारनंतर तुला इंदूच म्हणायची, सगळेच म्हणायचे. शैलजा म्हणून या घरात कुणी होतं हे विसरून गेले सगळे. मी विसरले नाही. गेल्या दिवाळीला फोनवरसुद्धा मी टोमणा मारला, माझं नाव तांदळाबरोबर वैरलंस ना भातात? तू नुसती हसलीस. खोकला होता तेव्हाही तुला. मी विचारलं नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं. आज सकाळी अभयचा पुन्हा फोन आला. पोरगं तिकडं जन्मलेलं, मराठी घासून घासून बोलतं; दादा आधीच गेलेला, त्यामुळं विचारायला त्याला मीच उरलेली. म्हणाला, "आत्या, एक विचारायचं होतं. आई शेवटच्या दिवशी भ्रमात गेली होती. नर्सनं नाव विचारलं तर म्हणाली, शैलजा. दोनदा विचारलं, दोनदा तेच. त्यांनी कागदावर लिहिलं की हिला भान नाही. आत्या, शैलजा कोण?"

मी विचारलं, गाव विचारलं होतं का रे तिला?

"हो. कुठं आहात म्हणून विचारलं. म्हणाली, सातारा."

"अभय," मी म्हटलं, "त्या नर्सबाईला सांग, तुझी आई शुद्धीवर होती. नाव बरोबर सांगत होती. त्यांना माहीत नव्हतं, एवढंच."

मग फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेले आणि डब्यातली चिमूटभर साखर काढून तोंडात टाकली. त्या रविवारची माझ्या वाट्याची घ्यायची राहिली होती.